कोंबड्यांचं सकाळचं पाणी

सातपुड्यात डाब, तोरणमाळकडं थंडीत दंव गोठतं. आपल्याकडं पाणी गोठत नाही, म्हणून आम्ही गटातल्या बायका निवांत होतो. पौषात अंडी कमी झाली, तर दाण्याला बोल लावला. दिवस लहान झाला की अंडी घटतातच. पण आमच्या कोंबड्या गार पाण्यात चोच बुडवून मागं सरायच्या, ते कुणी पाहिलंच नव्हतं. अंड्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. आणि पाणी कमी प्यालेली कोंबडी दाणाही कमी खाते.

चूक मातीच्या भांड्याची होती. ते माठासारखं पाझरतं आणि पाणी गार करतं. उन्हाळ्यात चांगलं, थंडीत नको. आता आम्ही प्लास्टिकचं वापरतो. कोंबड्या अंधारात पीत नाहीत, म्हणून खुराडं लावताना भांडं पालथं घालतो. सकाळी चुलीवरचं कोमट पाणी भरतो, बोटाला चटका बसेल इतकं नव्हे. भांडं उन्हात, विटेवर ठेवतो. उकरलेली माती त्यात पडत नाही. मोठ्या कोंबडीला दिवसाला पाव लिटर धरा. 10 कोंबड्यांना अडीच लिटर, म्हणजे आंघोळीच्या पाण्यातले दोन-तीन तांबे. एवढ्यावरून घरात कुरकुर झालीच, आमच्याकडंही झाली. पाणी दुपारपर्यंत पुन्हा निवतं, तेव्हा एकदा बदला.