तलफ, नियत आणि औषध

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात मी जे बोललो ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. सभेला माता-भगिनींची उपस्थिती चांगली होती. परंतु ज्यांच्यासाठी प्रामुख्याने हे बोलणे होते ते घरांतील कर्ते पुरुष त्या वेळी कामावर होते. आता ही पाने त्यांच्या हाती पडावीत, एवढीच इच्छा आहे. मी शाळामास्तर आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून तज्ज्ञांनी पारखून घेतले आहे तेवढेच येथे सांगतो. कोणाला कोणते औषध आणि किती, हे ठरविणे डॉक्टरांचे काम आहे.

विषय आहे बिडी-सिगारेट सोडण्यासाठी औषध घेण्याचा. तंबाखूची हानी आपण सर्वजण जाणतो. पाकिटावरचे भयंकर चित्रही रोज पाहतो. पण ती सोडण्यासाठी औषध असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते घेण्याची लाज वाटते. त्या लाजेविषयी मला बोलावयाचे आहे.

आपल्या जोगेश्वरीत रमजानच्या महिन्यात काय दिसते ते आठवा. फर्निचरच्या कारखान्यातला सुतार, गॅरेजमधला मेकॅनिक, रिक्षा चालवणारा भाऊ, एरवी ह्यांचा हात दर अर्ध्या तासाने खिशाकडे जातो. पण रोजा असला की सहरीला विझलेली बिडी मगरिबच्या अजानपर्यंत पेटत नाही. तेरा-चौदा तास! मग खजूर, पाणी, नमाज होते, आणि थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी पुन्हा धूर दिसू लागतो. ईदनंतर तर सारे पूर्ववत.

हे पाहून घरचे म्हणतात, ज्याला चौदा तास जमते त्याला चोवीस तास का जमू नये? मनात आणले तर सुटेल. ह्याच्या मनातच नाही. आणि तो बिचारा स्वतःला म्हणतो, माझेच ईमान कच्चे. माझ्या मते दोघांचाही निष्कर्ष चुकतो. चौदा तास तलफ मारून काम करणाऱ्या माणसापाशी निर्धार भरपूर आहे, ह्याचा तो तीस दिवसांचा पुरावाच आहे. जे अडते ते शरीरात अडते, आणि शरीरात अडलेल्या गोष्टीला औषध असते.

बिडी-सिगारेटचा झुरका घेतला की त्यातील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात उतरते आणि काही सेकंदांत मेंदूला पोहोचते. तेथे ते सुख देणारे रसायन मोकळे करते. वर्षानुवर्षे असे घडत गेले की मेंदूची घडणच बदलते. निकोटीन मिळाले तरच त्याला स्वस्थ वाटते. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते. म्हणून चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे, झोप मोडणे, भूक वाढणे हे सारे सुरू होते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. रमजानचा महिना खरे तर ह्या हिशेबात बरोबर बसतो. पण दिवसभर उपाशी ठेवलेल्या तलफेला आपण रोज रात्री पुन्हा जेवू घालतो, त्यामुळे ती मरत नाही.

आता औषधामागची कल्पना पाहा. माणसाला बांधून ठेवते ते निकोटीन. पण कर्करोग, दमा, हृदयविकार हे मुख्यतः धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्यांमुळे होतात. तेव्हा धूर एकदम बंद करावा, निकोटीन मात्र थोडे थोडे, धुरावाचून द्यावे आणि हळूहळू तेही काढून घ्यावे. ही कल्पना स्वीडनमध्ये निघाली. पाणबुडीत धूम्रपानाला बंदी, म्हणून तेथील खलाशी तोंडात तंबाखू धरून तलफ भागवीत. हे कळल्यावर ओव्हे फर्नो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने निकोटीन असलेला चघळण्याचा गम तयार केला. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. रोजेदाराची आणि त्या खलाशाची अडचण एकच, असे मला हे वाचताना वाटले.

आज जी औषधे आहेत ती थोडक्यात अशी.

पहिला हा निकोटीन गम. तो साध्या च्युइंगमसारखा सतत चावायचा नसतो. हळू चावावा, जिभेला तिखटसर झिणझिणी आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावा. चव गेली की पुन्हा थोडा चावावा. असे अर्धा तास चालते. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, मळमळते आणि माणूस म्हणतो, औषध सोसत नाही. चहा-कॉफी प्यायल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, कारण त्यामुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. आपल्याकडे कटिंग चहा आणि बिडी ही जोडी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. २ मिलिग्रॅमचा गम औषधांच्या दुकानात मिळतो. ४ मिलिग्रॅमचा डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावा.

दुसरी निकोटीनची पट्टी. ती सकाळी कोरड्या कातडीवर चिकटवायची. दिवसभर निकोटीन सावकाश अंगात झिरपते. काही आठवड्यांनी कमी ताकदीची, मग त्याहून कमी ताकदीची, असे उतरत दोन-तीन महिन्यांत थांबायचे. पट्टी आणि गम जोडीने घेतल्यास एकट्यापेक्षा गुण अधिक येतो.

तिसरे, गोळ्या. बुप्रोपिऑन ही मुळात उदासीनतेवरची गोळी. १९९७ पासून अमेरिकेत धूम्रपान सोडविण्यासाठीही दिली जाऊ लागली. फेफरे येणाऱ्याने ती घेऊ नये. व्हॅरेनिक्लिन २००६ साली आली. ती मेंदूतील निकोटीनच्या जागा अडवून बसते; तलफ कमी होते आणि मध्येच बिडी ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. ती साधारण बारा आठवडे घ्यावी लागते. मळमळ आणि चित्रविचित्र स्वप्ने हा तिचा त्रास. तिने मनावर वाईट परिणाम होतो अशी भीती होती आणि २००९ साली अमेरिकेत तिच्या वेष्टनावर कडक इशारा छापला गेला. पुढे आठ हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीनंतर २०१६ मध्ये तो काढण्यात आला. ह्या दोन्ही गोळ्या बिडी सोडण्याच्या ठरलेल्या दिवसाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गरोदर स्त्रिया, हृदयाचे, मूत्रपिंडाचे वा मानसिक आजाराचे रुग्ण यांनी कोणतेही औषध न विचारता घेऊ नये.

ही कोणा एका दुकानदाराची जाहिरात नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटीनची औषधे २००९ साली आणि ह्या दोन गोळ्या २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. भारताच्या राष्ट्रीय यादीतही निकोटीनचे औषध २०२२ पासून आहे.

गुण किती येतो? येथे खोटी आशा दाखविणे मला मान्य नाही. जगभरच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. शंभर माणसांनी औषधाविना प्रयत्न केला तर सहा महिने वा अधिक काळ सुमारे सहाजण टिकतात. एकट्या पट्टीने वा गमने सुमारे नऊ, दोन्ही जोडीने बारा, व्हॅरेनिक्लिनने चौदा. म्हणजे औषधाप्रमाणे यश दीडपटीपासून दुपटीहून अधिक होते; तरीही पहिल्या प्रयत्नात बहुसंख्य लोक परत फिरतात. म्हणून जो परत फिरला त्याला घरात टोमणा मारू नये. नापास झालेल्या मुलाला आपण पुन्हा परीक्षेला बसवतोच ना? औषधाबरोबर समजावणाऱ्या माणसाचा आधार असेल तर यश आणखी वाढते.

आता आपल्याकडचे आक्षेप.

कोणी म्हणतो, मी सिगारेट कुठे ओढतो, माझी तर साधी बिडी. १९९१ पासून मुंबई शहरात सुमारे दीड लाख लोकांची पाहणी झाली. तीत बिडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त आढळले. तेंदूचे पान सारखे विझते, म्हणून झुरकेही जास्त आणि खोल घ्यावे लागतात. कोणी म्हणतो, मी ओढत नाही, फक्त मळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात चारच्या आत होते, तर तंबाखू, मिश्री, खर्रा असे तोंडात धरणारे चोवीस. त्यांनाही डॉक्टरांकडून मदत मिळते. व्हॅरेनिक्लिन आणि निकोटीनची औषधे त्यांच्याही उपयोगाची आहेत.

कोणी विचारतो, एक व्यसन सोडून दुसरे कशाला? औषधातले निकोटीन सावकाश पोहोचते, त्यात धूर नसतो आणि त्याला शेवटची तारीख असते. बिडीला तशी तारीख नसते.

कोणी खर्चाचे म्हणतो. रोजचे साठ रुपये धुरात गेले तर वर्षाचे २१,९०० होतात. औषध दोन-तीन महिन्यांचे असते. उरलेल्या पैशांत मुलीची फी, पुस्तके, गणवेश बसवून पाहा.

आणि रोज्याचे काय? गम आणि गोळी इफ्तार ते सहरी ह्या वेळेतच घेता येते. वेळा डॉक्टरांना विचारून बसवून घ्याव्यात. पट्टीविषयी सांगायचे तर, १९९७ साली जेद्दाला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत कातडीतून शोषल्या जाणाऱ्या मलम-पट्ट्यांनी रोजा तुटत नाही, असा निर्णय झाला. तरीही आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून मन निःशंक करावे. आजारात इलाज करणे आपल्या दीनला मान्यच आहे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण कमजोर ईमानाचा म्हणत नाही. मग तलफेची गोळी घेणाऱ्याला का म्हणावे?

मदत कोठे मिळेल? तंबाखूच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी छापलेला असतो. तेथे फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि जवळच्या सरकारी वा महापालिकेच्या दवाखान्यात विचारावे. निदान आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे, ‘मला बिडी सोडायची आहे, औषध द्या.’ एवढे वाक्य उच्चारण्यासच पुष्कळांना वर्षे लागतात.

वय झाले, आता काय फायदा, असेही म्हणू नये. ब्रिटनमधील डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून २००४ साली निष्कर्ष निघाला की, तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी वाचते, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीसुद्धा तीन.

शेवटी शिक्षक म्हणून एक विनंती. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास कायद्याने बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाही विकता येत नाही. तरी ‘अब्बांसाठी’ म्हणून बंडल आणणारी मुले आम्हांला दिसतात. त्यांना आम्ही वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम पाठ करायला लावतो आणि ती उत्तर बरोबर लिहितातही. पण ज्याच्यासाठी ती बंडल आणतात, त्याच्याकडे पाहूनच ती खरे शिकतात. अब्बा औषध घेताहेत, चिडले तरी थांबताहेत, घसरले तरी पुन्हा उभे राहताहेत, हे मुलाने घरात पाहिले तर आमचे निम्मे काम झाले. ह्या महिन्यातली एक तारीख ठरवा, घरात सर्वांना सांगा आणि त्याआधी डॉक्टरांकडे जा. नियत आपली आहेच. औषधाची जोड द्या. अल्लाह आपणां सर्वांस कामयाबी देवो. आमीन.