चेंडूतील हवा आणि प्रेक्षकांचा न्याय



आजचा विषय फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतील एका चेंडूत हवा कमी होती की पुरेशी होती, याच्याशी आपले काय देणेघेणे, ही शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर आधीच देऊन टाकतो. त्या चेंडूवरून दोन वर्षे जो वाद माजला, त्यात शेवटी हवेपेक्षा माणसांचीच परीक्षा झाली. आपल्या पक्षावर आरोप आला म्हणजे पुराव्याकडे पाहण्याची माणसाची दृष्टी कशी फिरते, हे या प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. आणि या बाबतीत फॉक्सबरोचा प्रेक्षक आणि आपण यांच्यात फारसे अंतर नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या ओळखीचा नव्हे. त्यातला चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुतेक वेळ हातात धरून पळवायचा किंवा दूर फेकायचा असतो. फेकणाऱ्या प्रमुख खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू किंचित मऊ असला की पकड चांगली बसते, विशेषतः थंडीपावसात. म्हणून नियम असा की, चेंडूतील हवेचा दाब दर चौरस इंचास १२.५ ते १३.५ पौंड असावा. आता गंमत पाहा. २००६ सालापासून प्रत्येक संघाने आपल्या चढाईसाठी आपले स्वतःचे चेंडू आणावेत, अशी मुभा मिळाली. ती मिळावी म्हणून खटपट करणाऱ्यांत टॉम ब्रॅडी हा नामांकित क्वार्टरबॅक होता. पुढे संशय आला तो त्याच्यावरच.

१८ जानेवारी २०१५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉक्सबरो येथे न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा उपान्त्य सामना झाला. पूर्वार्धात ब्रॅडीने फेकलेला एक चेंडू कोल्ट्सच्या खेळाडूने मधेच झेलला, आणि त्यानंतर त्या चेंडूत हवा कमी असल्याची तक्रार झाली. मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले. ते सगळेच साडेबाराच्या खाली भरले. वेळ अपुरा पडल्यामुळे कोल्ट्सचे चारच चेंडू मोजता आले. मग हवा भरून खेळ पुढे सुरू झाला. मध्यंतरास १७–७ असलेला सामना पेट्रियट्सनी ४५–७ असा जिंकला. म्हणजे पुरत्या हवेच्या चेंडूने ते अधिकच चांगले खेळले! त्यांचे चाहते हा मुद्दा आजही विसरत नाहीत. पण निकाल बदलला नाही एवढ्याने लबाडी झालीच नाही असे ठरत नाही. परीक्षेत चिठ्ठी लपवून नेणारा मुलगा चिठ्ठी न उघडताच उत्तीर्ण झाला, तरी चिठ्ठी नेल्याचा दोष राहतोच.

दोनच दिवसांत एक बातमी देशभर पसरली: बारांपैकी अकरा चेंडूंत दोन-दोन पौंड हवा कमी होती! ही बातमी चुकीची होती, हे पुढे प्रसिद्ध झालेल्या मोजणीवरून दिसते. दोन पौंडांची पूर्ण तूट एकाच चेंडूत, आणि तीही दोनांपैकी एकाच मापकावर आढळली होती. परंतु आकडे बाहेर येईपर्यंत महिने लोटले, आणि तोवर लोकांची मने बनून गेली होती. उन्हाळ्यात वावटळ निघून जाते, धूळ मात्र घराघरांत बसते, तसा हा प्रकार.

आता हवा आपोआप कमी होते काय? होते. भर दुपारी तापलेल्या रस्त्यावर सायकलचा टायर किती टणक लागतो आणि पहाटेच्या गारव्यात किती मऊ, हे आपण सर्वांनी हाताने अनुभवलेले आहे. पण हिशोब करताना एक मेख आहे. मापकावरचा शून्य हा खरा शून्य नव्हे. बाहेरच्या वातावरणाचा सुमारे १४.७ पौंडांचा दाब त्यात धरलेलाच नसतो. नील डीग्रास टायसन यांच्यासारख्या प्रसिद्ध शास्त्रज्ञानेही पहिल्या हिशोबात ही रक्कम सोडली आणि मागाहून आपली दुरुस्ती जाहीर केली. आपण ती धरू. साडेबारा अधिक १४.७ म्हणजे २७.२. खोलीतील सुमारे २२ अंश सेल्सिअसवरून मैदानावरील सुमारे ९ अंशांवर चेंडू आला, तर हा एकूण दाब सुमारे २६ होतो; त्यातून वातावरणाचा दाब वजा केला की मापकावर सुमारे ११.३ उरतात. म्हणजे कोणी बोटही न लावता चेंडू नियमाच्या सव्वा पौंड खाली जातो. चौकशी अहवालानेही पूर्वार्धाच्या शेवटी ११.३२ ते ११.५२ एवढा दाब अपेक्षित धरला.

मग प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? येथेच सगळे घोडे अडते. पंचांजवळ दोन मापके होती आणि त्यांची एकवाक्यता नव्हती. एकावर अकरा चेंडूंची सरासरी ११.४९ आली, दुसऱ्यावर ११.११. पहिले धरले तर बहुतेक सारे थंडीच्या पदरात घालता येते. दुसरे धरले तर तूट उरते. सामन्यापूर्वी मुख्य पंच वॉल्ट अँडरसन यांनी दोहोंपैकी कोणते वापरले? त्यांना आठवत होते ते पहिले. अहवालाने त्यांची इतर साक्ष ग्राह्य धरली, पण या मुद्द्यावर त्यांची आठवण बाजूस सारून दुसरे अधिक संभवनीय मानले. आणि सामन्यापूर्वीची मापे? ती कोणी लिहूनच ठेवली नव्हती! कोट्यवधी डॉलरांचा हा खेळ, पण चार आण्यांच्या वहीत बारा आकडे लिहिण्याची पद्धत नव्हती.

मात्र दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मोजणी होईपर्यंत खोलीच्या उबेने चेंडूंचा दाब थोडा चढलेला असणार. कोल्ट्सच्या चेंडूंचा दाब तुलनेने कमी उतरला होता, आणि या फरकाचा पुरता उलगडा थंडी, ओल आणि वेळ यांनी होत नाही, असे अहवालाच्या तज्ज्ञांचे म्हणणे होते. पेट्रियट्सचा एक सेवक पंचांच्या परवानगीवाचून चेंडूंच्या थैल्या घेऊन निघाला आणि वाटेत सुमारे एक मिनिट चाळीस सेकंद शौचगृहात गेला. याच सेवकाने काही महिन्यांपूर्वी एका संदेशात स्वतःला ‘हवा काढणारा’ म्हणवून घेतले होते. संघाने खुलासा केला की, हा शब्द वजन उतरवण्याविषयीचा होता! शिवाय चौकशीच्या काळात ब्रॅडीचा फोन नष्ट करण्यात आला. ही आपली नेहमीची सवय आहे असे तो म्हणाला. त्यातच २००७ साली प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचे चोरून चित्रण केल्याबद्दल याच संघाला आणि त्याचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना दंड झालेला. एकदा नाव खराब झाले की पुढचा संशय दारातच उभा असतो.

टेड वेल्स या वकिलांचा २४३ पानांचा अहवाल मे २०१५ मध्ये आला. सेवकांनी हेतुपुरस्सर हवा काढली असण्याचा संभव नसण्यापेक्षा अधिक आहे, आणि ब्रॅडीला त्याची निदान ढोबळ कल्पना असावी, असा त्याचा निष्कर्ष. शिक्षा मात्र ढोबळ नव्हती: ब्रॅडीला चार सामन्यांची बंदी; संघाला दहा लक्ष डॉलर दंड आणि नवे खेळाडू निवडण्याचे दोन हक्क रद्द. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली, तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये ‘निर्दोष सुटला’ म्हणून जल्लोष झाला. एप्रिल २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती पुन्हा कायम केली, तेव्हा बाकीच्या देशाने ‘चोर ठरला’ म्हणून टाळ्या पिटल्या. वास्तविक दोन्ही निकालांचा प्रश्न निराळा होता. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांना करारानुसार अशी शिक्षा देण्याचा अधिकार होता की नाही, आणि तो रीतसर वापरला गेला की नाही, एवढेच न्यायालयांनी पाहिले. हवा कोणी काढली, हे न्यायालयाने कधी ठरवलेच नाही. प्रेक्षकांनी मात्र दोन्ही वेळा आपल्याला हवा तो निकाल वाचून घेतला.

‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण आपल्या आजीबाईंनी कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता बनवली. अमेरिकेत तिच्यावर प्रयोग झालेला आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यालयांच्या संघांत फार आडदांड सामना झाला. प्रिन्स्टनच्या लाडक्या खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच संघाचे ९.८ दिसले. फिल्म तीच, डोळे तेवढेच तरुण. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याला तर फिल्म पाहून महत्त्वाचा भाग कापून टाकल्याचा संशय आला, आणि त्याने तारेने खुलासा मागवला! ती मुले खोटे बोलत होती असे मुळीच नाही. त्यांना जे दिसले तेच त्यांनी लिहिले. भीतीची गोष्ट हीच आहे. खोटे बोलणाऱ्याला निदान आपण खोटे बोलतो हे ठाऊक असते. पक्षपाती पाहणाऱ्याला ते ठाऊकही नसते.

आता हे माप आपल्यालाही लावून पाहू. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ येथील कसोटीत सचिन तेंडुलकर चेंडूची शिवण बोटाने साफ करताना पडद्यावर दिसला. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याला एका सामन्याची स्थगित बंदी फर्मावली. इतर पाच भारतीय खेळाडूंनाही निरनिराळ्या कारणांनी शिक्षा केल्या. मैदानावरच्या पंचांनी तक्रार केली नव्हती, शिक्षा भारी होती, हे आक्षेप वजनदार होते, आणि ते मांडणे योग्यच होते. परंतु आपल्यापैकी किती जणांनी ते चित्रण नीट पाहून मग मत बनवले? शिवण साफ करायची तर ती पंचांच्या देखत करावी, हा नियम त्या दिवशी किती जणांना ठाऊक होता? सचिन असे करणारच नाही, येथूनच आपण सुरुवात केली. प्रकरण संसदेपर्यंत पोहोचले, आणि पुढच्या सामन्याला अधिकृत कसोटीचा दर्जा मिळाला नाही. २००४ साली ब्रिस्बेनला राहुल द्रविडला चघळलेली गोळी चेंडूला लावल्याबद्दल निम्म्या मानधनाचा दंड झाला, तेव्हाही ‘एवढा सज्जन माणूस!’ हेच आपले पहिले वाक्य होते. २०१८ साली केपटाउनला ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खरकागदासह पकडले गेले, तेव्हा त्यांच्या सज्जनपणाची चौकशी कोणीच केली नाही. तेथे चित्रणाबरोबर कबुलीही होती, म्हणून तो दोष निर्विवाद. पण खरे सांगा, कबुली येईपर्यंत आपण थांबलो होतो काय?

माणसाने आपल्या संघावर प्रेमच करू नये, असे मला सुचवायचे नाही. प्रेम नसेल तर मैदाने ओस पडतील. परंतु प्रेमाने टाळी वाजवावी, निवाडा करू नये. त्यासाठी एक साधी कसोटी पुरते. पुरावा हाती आला की मनातल्या मनात दोन्ही संघांचे सदरे बदलून पाहावे. हाच सेवक, हेच संदेश, हीच दोन मापके प्रतिस्पर्ध्याची असती, तर मी काय म्हटले असते? उत्तर बदलत असेल, तर आपल्या मताला पुराव्याचा आधार नाही, सदऱ्याच्या रंगाचा आहे.

दुसरी गोष्ट नियम चालवणाऱ्यांची. त्या दिवशी सामन्यापूर्वी बारा आकडे लिहिले असते आणि मापक एकच असते, तर दोन वर्षांच्या वादाला जागाच राहिली नसती. लीगने पुढच्या मोसमापासून मापे नोंदवण्याची पद्धत घातली आणि काही सामन्यांत मध्यंतरी तपासणीही केली, हे बरे झाले. पण थंडीत चेंडू किती उतरतात, हे सांगणारे ते आकडे लोकांपुढे मांडले नाहीत. ज्यांनी एका माणसाला संभवावर शिक्षा केली, त्यांनी त्या संभवाची पुढील तपासणी मात्र झाकून ठेवली. चाहत्यांना भांडायचेच होते तर या आकड्यांसाठी भांडायला हवे होते. ते दोन्ही पक्षांच्या हिताचे होते.

ब्रॅडीने जुलै २०१६ मध्ये कायदेशीर झुंज थांबवली आणि चार सामन्यांची बंदी भोगली. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याचा संघ अटलांटाविरुद्ध ३–२८ असा मागे असताना शेवटी ३४–२८ असा जिंकून विजेता ठरला. चाहत्यांना वाटले, देवाने न्याय केला. विरोधकांना वाटले, लबाडाला यश मिळाले. चेंडूतील हवेविषयी त्या विजयाने काहीच सिद्ध केले नाही. तो प्रश्न फॉक्सबरोच्या त्या थंड संध्याकाळी जेथे होता तेथेच आहे, कारण पहिले माप कागदावर नाही. आपल्या नगराच्या मैदानावर उद्या सामना असेल, तर पंचांच्या हाती पेन्सिल आणि वही देऊन ठेवा, एवढीच विनंती करतो.