सैनिकाचे अपंगत्व आणि अपिलाचा हक्क
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या ज्ञातीत सैनिकी पेशाची परंपरा जुनी आहे. मुलगा भरती झाला की आपण त्याच्या गळ्यात हार घालतो. परंतु तोच मुलगा वीस वर्षांनी अधू गुडघा किंवा बधिर कान घेऊन परततो, तेव्हा त्याच्या हाती पडलेला कागद आपल्यापैकी किती जण वाचतात? त्या कागदाविषयीच आज आम्ही बोलणार आहोत.

सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी ठरविते: अपंगत्व किती टक्के, आणि ते सैनिकी सेवेमुळे उद्भवले वा बळावले काय. प्रमाण किमान २० टक्के असावे लागते आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी लागते. पुष्कळ दावे या दुसऱ्या प्रश्नावरच अडतात.

आमच्या परिचयाच्या एका हवालदारांना रक्तदाबाबद्दल ३० टक्के अपंगत्व लिहून मिळाले. पण पुढे 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा होता. सरकारी लिहिणे खोटे कसे असेल, असे म्हणून त्यांनी तो कागद ट्रंकेत ठेवला. नऊ वर्षांनी मुलाने तो वाचला. न्यायाधिकरणाने दावा मान्य केला, परंतु मागील थकबाकी तीनच वर्षांची मिळाली. सहा वर्षांचे वेतन बुडाले ते अज्ञानामुळे, हे आम्ही खेदाने सांगतो.

वस्तुतः कायदा सैनिकाच्या बाजूने पुष्कळच बोलतो. सिग्नल्स दलातील शिपाई धरमवीर सिंग यांना अपस्माराच्या कारणाने १९९४ साली सेवेतून मुक्त केले होते. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय दिला की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे मानावे. व्याधीचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. आणि संशयाचा फायदा त्यालाच मिळावा. २०१४ साली राम अवतार खटल्यात टक्केवारी वरच्या टप्प्यास नेण्याचा लाभ मुदत संपून निवृत्त झालेल्यांसही मिळाला. त्यानुसार ५० हून कमी असलेले अपंगत्व ५० धरले जाते. १०० टक्क्यांस अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, या हिशेबाने ३० टक्केवाल्यास ९ ऐवजी १५ टक्के मिळतात. गरीब घरात हा फरक लहान नव्हे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते स्वतंत्रपणे समजून घ्यावेत.

मार्ग असा आहे. नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेथेही नकार आल्यास दुसरे. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे; त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. तेथेही अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. विलंबास सबळ कारण असेल तर तो क्षम्य ठरू शकतो; म्हणून जुना नकार हाती असलेल्यांनीही निराश होऊ नये. अपिलात कोठे, किती उंचीवर, कोणत्या कामावर असताना त्रास सुरू झाला, हे तारखांसह लिहावे आणि वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत जोडावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याविषयी मार्गदर्शन मिळते.

आमची मंडळास विनंती आहे की, इंग्रजी कागद वाचून मराठीत समजावतील अशा चार सुशिक्षित तरुणांची समिती नेमावी. आणि भगिनींनो, आपणांस आमचे एवढेच सांगणे की, आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा. जखम सोसणाऱ्याने स्वतःसाठी मागणे त्याला संकोचाचे वाटते. त्याच्यासाठी मागणे हे आपले कर्तव्य आहे.