हवेलाही आवक-जावक लागते



आमच्या गावातल्या अभ्यासिकेत पावसाळ्यात झड आत येते म्हणून सगळ्या खिडक्या बंद असतात. आत तीस पोरं. तासाभरात डोकं जड, जांभया सुरू. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण 420 भाग असतात. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत ते सहज हजारावर जातात. आम्ही एक खिडकी उघडून बघितली, फारसा फरक नाही. मग समोरच्या भिंतीतली, कपाटामागं दडलेली खिडकी मोकळी केली आणि वारा खेळायला लागला. हवेला जायला वाट लागते, तशी यायलाही लागते.

मनाचंही तसंच आहे.

मागच्या वर्षी आमच्या घरी कन्नडमधली एक नोटीस आली. बाबांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरले. राग निघाला आईवर, आमटीत मीठ कमी म्हणून. आणि मी? स्टेटसला चार जळजळीत ओळी टाकल्या. साठ जणांनी बघितल्या, सगळे आपलेच. वाफ गेली, नोटीस तिथंच.

शेवटी वर्गातल्या कन्नड मैत्रिणीनं ती वाचून दाखवली. घरपट्टीची बाकी, जी आम्ही भरलेली होती! बाबांनी मराठीत अर्ज लिहिला. खिडकीवर ऐकलं, "कन्नडमध्ये आणा." मी राज्यघटनेचं कलम 350 पुढं केलं. गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. उत्तर त्याच भाषेत मिळेल, असं मात्र हे कलम म्हणत नाही. ती लढाई वेगळी.

बराच वेळ थांबलो. मग आवक क्रमांक पडला, शिक्का बसला.

उत्तर अजून आलेलं नाही. पण त्या रात्री जेवताना बाबांनी सगळी हकिकत स्वतःहून सांगितली. 'मला वाचता आलं नाही' हेही पहिल्यांदाच बोलले. आई नुसती ऐकत होती.

म्हणून सांगतो, राग दाबू नका, आणि आपल्याच खोलीत फिरवतही ठेवू नका. समोरच्या भिंतीची खिडकी शोधा. अर्ज लिहा, दोन प्रती काढा, पोच घ्या. आणि घरात कुणी गप्प गप्प असेल, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.