कोरोजो तंबाखूची गोष्ट आणि आपले बियाणे



निपाणी आणि लगतच्या कोल्हापूर भागात विडीचा तंबाखू पिढ्यानपिढ्या होत आला आहे. या तंबाखूत आपण पानाची जाडी आणि कडकपणा बघतो. चिरुटावर बाहेरून गुंडाळायचे पान मात्र याच्या अगदी उलट लागते. ते पातळ, लवचिक, बारीक शिरांचे आणि एकसारख्या रंगाचे हवे. एक छिद्र पडले तरी त्याची प्रत उतरते. अशा पानासाठी जगात नाव मिळवले ते क्यूबा देशातील कोरोजो या वाणाने. तिकडे त्याला कोरोहो म्हणतात. त्याची हकीकत तंबाखू न लावणाऱ्यानेही ऐकण्यासारखी आहे.

वाण कसा आला

कोलंबसाची माणसे १४९२ साली क्यूबात उतरली, तेव्हा तिथले मूळ रहिवासी तंबाखूची पाने गुंडाळून ओढताना त्यांना दिसले. म्हणजे हे पीक तिथले फार जुने. त्या देशाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांत आहे. तिथे दिएगो रोद्रिगेस यांच्या एल कोरोजो नावाच्या मळ्यात, क्रिओयो या जुन्या जातीतून निवड करून हा वाण पुढे आला. मळ्याचेच नाव वाणाला पडले.

मशागत कशी करतात

तंबाखूचे बी अतिशय बारीक. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया बसतात. म्हणून आधी रोपे तयार करतात आणि सुमारे दीड महिन्याने ती शेतात लावतात. वेष्टनाच्या पिकावर विरळ पांढऱ्या कापडाचा मांडव घालतात. ऊन गाळून आले की पान उजेडासाठी पसरते, मोठे आणि पातळ होते. शेंडा आणि बगलफुटी हाताने खुडतात.

काढणी खालून वर, एका वेळी दोन-तीन पाने, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून. पाने दोऱ्यात ओवून काठ्यांवर टांगतात आणि सुमारे पन्नास दिवस सावलीत वाळवतात. वाळवणीचे घर पूर्व-पश्चिम लांब बांधतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन फक्त टोकांना लागते. हवा कोरडी की दमट हे बघून दारे उघडायची किंवा लावायची. नंतर ढीग रचून पाने मुरवतात.

रोग आला आणि वाण गेला

कोरोजोचे पान सुरेख, पण झाड नाजूक. निळी बुरशी नावाचा केवड्याच्या जातीचा रोग थंड, ढगाळ, दमट हवेत वाऱ्याबरोबर पसरतो. पानावर पिवळे डाग आणि खाली निळसर लव दिसते. १९७९-८० च्या सुमारास या रोगाने क्यूबातील बहुतेक पीक बुडवले. काळ्या खोडाचा रोगही या वाणाला लवकर धरतो. शेवटी १९९६-९७ च्या हंगामानंतर जुना कोरोजो तिथे मागे पडला आणि कोरोजो-९९, क्रिओयो-९८ असे रोगाला टिकणारे वाण आले. नाव राहिले, पण मूळ झाड शेतातून गेले.

आपण काय घ्यावे

१. बियाण्याची झाडे उभ्या पिकातच निवडा. जातिवंत, निरोगी झाड हेरा आणि फुले उमलण्याआधी फुलोऱ्यावर कागदी पिशवी बांधा. तंबाखूत स्वपरागीकरण होते, त्यामुळे पिशवीतले बी शुद्ध मिळते.

२. बाजारात भाव आहे म्हणून सगळे शिवार एकाच वाणाखाली घालू नका. दुसरा, रोगाला टिकणारा वाण थोड्या रानात तरी असू द्या.

३. रोपवाटिकेत रोपे दाट ठेवू नका. रोगट रोप दिसताच उपटून नष्ट करा.

४. ओली पाने खुडू नका. ओलाव्यातून निकोटीन कातडीत शिरते. मळमळ, उलटी, चक्कर येते. लहान मुलांना तर या कामाला लावूच नका. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवा, कपडे बदला. आणि पीक घेतले म्हणून ते ओढलेच पाहिजे असे नाही. तंबाखू शरीराला घातक आहे, हे पिकवणाऱ्याने आधी जाणावे.

बरं का मंडळी, चांगला वाण तयार व्हायला एका माणसाचे आयुष्य लागते, आणि तो जायला दोन वाईट हंगाम पुरतात. घरातल्या बियाण्याच्या मडक्याकडे या नजरेने बघा. भाताचे असो, ज्वारीचे असो की तंबाखूचे, ते जपा. पण सगळा भार एकट्या त्याच्यावर टाकू नका.