कपाटाचा फोटो



आम्ही काही छायाचित्रकार नव्हे. सुतारकामगारांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता हा खिशातला साधा डिजिटल कॅमेरा आमच्या गळ्यात पडला, इतकेच. एका कारागिराने सागवानी कपाट केले. परगावच्या दुकानदाराने फोटो पाहून "खाली निमुळते आहे, पॉलिश पांढरे पडले आहे" म्हणून मजुरीचे पैसे कापले. आम्ही जाऊन गुण्या लावून पाहिला. कपाट काटकोनात होते. कललेला होता तो कॅमेरा!

खोली अरुंद. कारागीर जवळ उभा राहिला, कॅमेरा डोळ्यांशी धरून खाली झुकवला. म्हणून पाय आवळले. पांढरा डाग म्हणजे फ्लॅशचेच प्रतिबिंब. पॉलिश आरशासारखे, फ्लॅश भिंगाला खेटून, समोरून टाकलेला उजेड सरळ परत येणारच.

मग आम्ही समोरच्या भिंतीला पाठ लावली. कॅमेरा कपाटाच्या निम्म्या उंचीवर, अगदी समपातळीत धरला आणि झूमने कपाट जवळ आणले. फ्लॅश बंद केला. बाजूची खिडकी उघडली. पिवळा दिवाही मालवला, नाहीतर लाकडाचा रंग खोटा येतो. आता उजेड कमी, त्यातून झूम केले की भिंगातून आणखी कमी येतो. शटर बराच वेळ उघडे राहते आणि हात हलतो. म्हणून स्टुलावर विटा रचून त्यांवर कॅमेरा ठेवला व टायमर लावला; बटण दाबल्याचा हिसकाही नको. कपाटाला टेकवून फूटपट्टी उभी केली. हिशेबी माणसाला तीच पटते.

हा फोटो गेल्यावर कापलेले पैसे आले. दिलगिरीचा शब्द मात्र आला नाही.