विकलेल्या वस्तूचा मालक कोण?



या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, वेदान्त यांवर बोलणारे विद्वान येतात. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा आम्ही बोलणार आहोत ते एका क्षुल्लक वस्तूविषयी: प्रिंटरची शाईची डबी, म्हणजे कार्ट्रिज.

आपल्याकडच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाहा. डबी संपली की दुकानदार सहसा नवी आणीत नाही, तीच पुन्हा भरून घेतो. नवी परवडत नाही. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि नफा डबीवर काढायचा, हा या धंद्याचा जुना हिशेब आहे. घोडा कमी भावात विकायचा आणि चंदी मात्र आपल्याच दुकानातून घ्यायला लावायची, तसला प्रकार! गिऱ्हाईक डबी भरून घेऊ लागले की हिशेब चुकतो, आणि मग कंपनी वकिलाकडे धाव घेते.

अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे लेक्समार्क नावाची कंपनी आहे. आय. बी. एम. ने आपला टंकयंत्रांचा व प्रिंटरचा विभाग १९९१ साली विकला, त्यातून ती जन्मली. तिने गिऱ्हाइकापुढे दोन भाव ठेवले. पूर्ण पैसे मोजाल तर डबी तुमची, हवी तशी वापरा. सुमारे वीस टक्के सूट घ्याल तर ती एकदाच वापरायची, आणि रिकामी झाल्यावर कोणाला द्यायचीच असेल तर ती आम्हांलाच. अट पाळली जावी म्हणून डबीत एक चिमुकली चिप बसवली. भरलेली डबी लावली की यंत्र तिला ओळखीच देईना.

उत्तर कॅरोलायनातील स्टॅटिक कंट्रोल या कंपनीने त्या चिपला पर्यायी चिप काढली व ती डब्या भरणाऱ्यांना विकू लागली. डिसेंबर २००२ मध्ये लेक्समार्कने तिच्यावर फिर्याद ठोकली. कोणत्या कायद्याखाली म्हणाल? कॉपीराइटच्या! संगणकाच्या युगात गाणी, चित्रपट वगैरेंची चोरी थांबावी म्हणून १९९८ साली तिकडे जो कायदा झाला, तो शाईच्या डबीला लावला. ज्या ‘कृती’ची नक्कल झाल्याची तक्रार होती, तिच्यातला एक प्रोग्रॅम तर ५५ बाइटांपेक्षा मोठा नव्हता. आमच्या युनियनच्या पावतीवर याहून अधिक मजकूर असतो. तरीही २००३ च्या फेब्रुवारीत मनाई हुकूम मिळाला. तो वरच्या कोर्टाने ऑक्टोबर २००४ मध्ये उठवला. मधले वीस महिने गेले ते गेलेच. संपावर मनाई हुकूम आणणाऱ्या मालकांशी आमची जुनी ओळख आहे. हुकूम पुढे टिकतो की नाही याची त्यांना फिकीर नसते; तेवढ्या अवधीत संप मोडला की काम झाले.

कॉपीराइट चालेना, तेव्हा पेटंट बाहेर काढले. इंप्रेशन प्रॉडक्ट्स हे पश्चिम व्हर्जिनियातले लहानसे दुकान. अशा भरलेल्या डब्या ते विकी. काही अमेरिकेत वापरलेल्या, तर काही परदेशात विकल्या जाऊन परत आलेल्या. लेक्समार्कचे म्हणणे असे की, वस्तू विकली तरी पेटंटाचा धागा आमच्या हातात आहे, आणि परदेशात विकली तर तो अजिबात सुटत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत अपील कोर्टाने हे मान्यही केले. पण ३० मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एकदा विक्री झाली, देशात असो वा परदेशात, की त्या नगावरचा पेटंटाचा हक्क संपला. कराराची अट मोडली म्हणून कंपनीने हवे तर आपल्या गिऱ्हाइकावर दावा लावावा. पुढे ज्याच्या हाती डबी गेली त्याला पेटंटाचा धाक घालता येणार नाही. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा दाखला दिला. मोटारीतल्या प्रत्येक भागाच्या पेटंटवाल्याने त्याला अडवले, तर त्याने धंदा करायचा कसा?

आता परदेशी स्पर्धेची गोष्ट. बाहेरचा स्वस्त माल आपल्याला बुडवील असे गाऱ्हाणे कंपन्या नेहमी करतात, आणि ते सर्वस्वी खोटे असते असेही नव्हे. पण पुढे काय झाले पाहा. चीनमधील झुहाई येथील एपेक्स ही कंपनी अशा पर्यायी डब्यांसाठी चिपा बनवणारी. तिने २०१५ साली स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली, आणि २०१६ साली भागीदारांसह खुद्द लेक्समार्कही घेतली! वादी आणि प्रतिवादी एका छपराखाली आले. गेल्या २०२५ साली लेक्समार्क झेरॉक्सकडे गेली. मालक बदलत राहिले. डबी भरून देणाऱ्यांना मात्र वर्षानुवर्षे वकिलांची बिले भरावी लागली, आणि तो खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातूनच निघतो.

आमच्या धंद्याला शोभेल अशी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मेक्सिकोतील हुआरेझ येथे याच लेक्समार्कच्या कारखान्यात कामगार काम थांबवून बाहेर पडले. मागणी होती रोजाला सहा पेसोंच्या वाढीची. अनेकांना कामावरून काढले. पेटंटाच्या दाव्यांना पैसा होता.

कोर्टात हरल्यावर युक्ती यंत्रात शिरते. सप्टेंबर २०१६ मध्ये एच. पी. कंपनीच्या कित्येक प्रिंटरांनी काल चालणाऱ्या परक्या डब्या एके दिवशी अचानक नाकारल्या. ओरड झाली, तेव्हा कंपनीला माफी मागावी लागली. आपल्या सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले. कंपन्यांनी त्यावर दुरुस्तीची माहिती द्यावी अशी योजना आहे. पण ते नुसते फलक आहे, त्याला दात नाहीत.

दात आहेत ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला. त्यात ‘अनुचित करार’ अशी नवी संज्ञा आहे. गिऱ्हाइकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या एकतर्फी अटी त्यात येतात. मात्र ही तक्रार जिल्ह्याला चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. दीड-दोन हजारांच्या डबीसाठी एकटा दुकानदार तिथवर जायचा नाही, हे आम्हांलाही कळते. पण सारखेच गाऱ्हाणे असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला, आयोगाच्या परवानगीने, तक्रार करता येते. नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही करता येते. आपल्या गावातील झेरॉक्सवाल्यांनी खरेदीच्या पावत्या आणि डब्यांवरील अटींचे कागद टाकून न देता एका ठिकाणी जमवायला घेतले, तर अर्ज लिहून द्यायला आम्ही येऊ.